गोवर आणि देशोदेशींचे उपाय

देवी, कांजिण्या आणि गोवर ही तीन नावे मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एका दमात उच्चारली गेली. तिहींत खरी धास्ती होती ती देवीची. कांजिण्या आणि गोवर ही बालपणाची दुखणी. ती आज ना उद्या प्रत्येक मुलाला व्हावयाचीच, अशी सर्वांची धारणा होती. गोवर अंगावर नीट उठावा म्हणून मुलाला उबेत निजवावे, उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवावा आणि पुरळ मावळून ताप उतरेपर्यंत वाट पाहावी, एवढाच त्यावरचा उपाय. बहुतेक मुले उठून पुन्हा खेळू लागत, आणि म्हणून गोवर हा किरकोळ रोग ठरला. जी मुले उठत नसत, त्यांची गणती मात्र कोणी ठेवीत नसे. गोवर ओसरता ओसरता एखाद्याला न्यूमोनिया गाठी, एखाद्याला अतिसार; एखाद्याची दृष्टी जाई, एखाद्याच्या मेंदूला सूज येई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, लस सर्वत्र पोचण्यापूर्वीच्या काळी ह्या 'किरकोळ' रोगाने जगात दरसाल सुमारे २६ लाख माणसे मरत, आणि त्यांत बहुसंख्य लहान मुले असत.

गोवर हा देवीहून निराळा रोग आहे, हे इराणी वैद्य अल्‌ राझी ह्याने हजार वर्षांपूर्वी सविस्तर लिहून ठेवले होते. परंतु तो पसरतो कसा आणि थांबतो कसा, ह्याचा उलगडा व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तो झाला उत्तर अटलांटिक महासागरातील फारो बेटांवर. डेन्मार्कच्या राज्यातील ही बेटे तेव्हा जगापासून जवळजवळ तुटलेली होती. १७८१ साली तेथे गोवराची साथ येऊन गेली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे त्या रोगाने बेटांवर पाऊल ठेवले नव्हते. १८४६ च्या वसंत ऋतूत कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो परत आला, आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० लोक काही महिन्यांत अंथरुणास खिळले. शेती, मासेमारी, गुरांची देखभाल, सारेच ठप्प झाले. शंभराहून अधिक माणसे दगावली.

डेन्मार्क सरकारने पीटर लुडविग पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर चौकशीसाठी तेथे धाडला. होडीतून गावोगाव हिंडून त्याने घराघरांतून तारखा टिपून घेतल्या. बेटांवर परका माणूस क्वचितच येई; त्यामुळे कोण कधी आला आणि त्यानंतर पहिला रुग्ण कधी पडला, हे प्रत्येकाच्या ध्यानात असे. एका गावचे दहा जण ४ जून रोजी दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीस गेले होते. १८ जून रोजी त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. अशा अनेक नोंदी जुळवून पानुमने दाखवून दिले की, संसर्ग झाल्यापासून सुमारे चौदाव्या दिवशी पुरळ दिसते आणि हा रोग हवापाण्यातून आपोआप उपजत नाही, तो एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जातो. त्याचे दुसरे निरीक्षण याहूनही महत्त्वाचे होते. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, असे पुष्कळ वृद्ध बेटांवर अजून हयात होते. त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षे लोटली तरी त्यांचे शरीर त्या रोगाला विसरले नव्हते.

शरीराची ही दीर्घ स्मृती हाच पुढे लसीचा पाया झाला. परंतु ज्या समाजाला अशी स्मृतीच नाही, त्याचे काय होते, हे अवघ्या तीस वर्षांच्या आत पॅसिफिक महासागरात दिसून आले. १८७४ साली फिजी बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. तेथील राजा दकोंबाऊ सिडनीला जाऊन १८७५ च्या जानेवारीत ब्रिटिश युद्धनौकेतून परतला, तेव्हा नौकेवर गोवर होता. नौका विलग ठेवण्यात आली नाही. राजाच्या भेटीसाठी दूरदूरच्या डोंगराळ मुलखांतून सरदार जमले आणि आपापल्या गावी संसर्ग घेऊन परतले. लहान, थोर, सर्वच एका वेळी आजारी पडल्यामुळे शुश्रूषा करावयास, पाणी पाजावयासही कोणी उरले नाही. काही महिन्यांत सुमारे ४० हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक, मृत्युमुखी पडली. नव्या राज्यकर्त्यांनी हा रोग मुद्दाम आणला, असा संशय लोकांच्या मनात बसला. रोगाइतकाच राज्यकर्त्यांवरील अविश्वासही जुना आहे, आणि गोवराच्या इतिहासात तो वारंवार आढळतो.

लसीची वाट मोकळी झाली ती १९५४ साली. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली असता जॉन एंडर्स आणि टॉमस पीबल्स ह्या शास्त्रज्ञांनी एडमन्स्टन नावाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला. त्या विद्यार्थ्याचे आडनाव विषाणूच्या वाणाला चिकटले, आणि पुढे जगात वापरात आलेल्या अनेक लसी त्याच वाणापासून निपजल्या. १९६३ साली अमेरिकेत पहिल्या लसींना परवाना मिळाला. त्यांपैकी मृत विषाणूची लस फोल ठरली. तिचे संरक्षण टिकेना, इतकेच नव्हे तर ती घेतलेल्या काही मुलांना पुढे गोवर झाला तो विचित्र आणि अधिक तीव्र स्वरूपात. १९६७ साली ती मागे घेण्यात आली. जिवंत परंतु दुर्बळ केलेल्या विषाणूची लस टिकली, आणि १९६८ साली मॉरिस हिलमन ह्यांनी तिचे अधिक सौम्य रूप सिद्ध केले. सोव्हिएत रशियानेही लेनिनग्राडमध्ये आपला स्वतंत्र वाण तयार केला.

येथून खऱ्या अर्थाने निरनिराळ्या देशांच्या निरनिराळ्या वाटा सुरू होतात. लस सर्वांच्या हाती जवळजवळ सारखीच होती. प्रश्न होता तो ती प्रत्येक मुलापर्यंत नेण्याचा. गोवर हा ज्ञात रोगांत अत्यंत संसर्गजन्य. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विषाणू तग धरून राहतो. ज्यांना पूर्वी रोग झालेला नाही आणि लसही मिळालेली नाही अशा लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरांतील ऐंशी मुलांना लस टोचून भागत नाही. निदान पंच्याण्णवांना ती, आणि तीही दोनदा, मिळाली तरच साथ पेट घेत नाही. शिवाय आईकडून मिळालेले संरक्षण कोवळ्या अर्भकाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ते संपल्यावर उशीर केला तर रोग आधी गाठतो. हे वेळापत्रक सांभाळणे हीच मोठी कसोटी.

लसीची पहिली मोठी मागणी श्रीमंत देशांतून आली नाही, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. पश्चिम आफ्रिकेत गोवर म्हणजे बालमृत्यूचे एक मुख्य कारण होते. तेथील अपर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, ह्या नवस्वतंत्र देशात लसीची लहानशी चाचणी यशस्वी होताच सरकारने ती सर्व मुलांना मिळावी असा आग्रह धरला, आणि १९६३ च्या सुमारास ७ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. त्यानंतर अमेरिकेच्या साहाय्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेतील वीस देशांत देवी आणि गोवर ह्यांविरुद्ध एकत्र मोहीम निघाली. चिमुकल्या गांबियामध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस गोवराची साखळी प्रत्यक्ष तुटली. जगातील हे पहिलेच उदाहरण होते. परंतु देवी कायमची गेली तशी गोवराची गोष्ट नव्हती. दरवर्षी नवी मुले जन्मास येतात आणि त्यांना दरवर्षी लस द्यावी लागते. परदेशी मदत थांबली, मोटारी आणि शीतपेट्या बंद पडल्या, आणि गोवर परतला. गोवराच्या बाबतीत विजय एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही, हा धडा गांबियाने जगाला दिला.

स्वतः अमेरिकेलाही तो शिकावा लागला. १९६७ सालीच गोवराचे उच्चाटन करू, अशी घोषणा तेथे झाली होती. १९६८ साली रुग्णसंख्या २२ हजारांपर्यंत उतरली. परंतु केंद्राचे साहाय्य आटताच १९७१ साली ती ७५ हजारांवर गेली. ह्याच सुमारास टेक्सारकाना नावाच्या गावाने सर्वांचे डोळे उघडले. हे एकच गाव, पण त्याच्या मधल्या रस्त्यावरून टेक्सास आणि आर्कान्सा ह्या दोन राज्यांची सीमा जाते. बाजार एक, खेळ आणि करमणूक एक, नातीगोती एक. शाळा मात्र दोन राज्यांच्या. आर्कान्साच्या कायद्याप्रमाणे लसीचा दाखला असल्याशिवाय मुलाला शाळेत प्रवेश नव्हता. टेक्सासात तसा नियम नव्हता. १९७० च्या जूनपासून पुढील सात-आठ महिन्यांत गावात सहाशेहून अधिक लोकांना गोवर झाला, आणि त्यांतील शेकडा ९५ हून अधिक रुग्ण टेक्सासच्या बाजूचे निघाले. रोगाला सीमा ठाऊक नव्हती. ती ठाऊक होती लसीला. दोन राज्यांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या लोकांना ह्या गोष्टीचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

ह्यानंतर १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत शाळाप्रवेशासाठी लस सक्तीची झाली, आणि १९८३ साली रुग्णसंख्या दीड हजाराच्या आत आली. परंतु शाळेच्या दारावरचा पहारेकरी पाच वर्षांच्या मुलालाच अडवू शकतो. दीड वर्षाचे मूल शाळेत येतच नाही. १९८९ ते १९९१ ह्या काळात मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतून साथ भडकली. ५५ हजारांहून अधिक रुग्ण आणि १२० हून अधिक मृत्यू; त्यांत लस न मिळालेली तान्ही व लहान मुलेच अधिक. दवाखान्याचे पैसे ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांची ही मुले होती. कायदा होता, लस होती, तरी ती घरापर्यंत आली नव्हती. १९९३ साली अशा मुलांसाठी मोफत लसीची केंद्रीय योजना मंजूर झाली, आणि २००० साली अमेरिकेने देशांतर्गत गोवर संपल्याचे जाहीर केले.

फिनलंडची वाट अगदी वेगळी. तेथे सक्ती नव्हती. १९८२ साली त्या देशाने गोवर, गालगुंड आणि रुबेला ह्या तिन्ही रोगांवरची एकत्र लस प्रत्येक मुलाला दोनदा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला, आणि सुमारे बारा वर्षांत देशी गोवर नाहीसा केला. ह्या यशाचे रहस्य लसीपेक्षा जुने आहे. गरोदर स्त्रिया आणि बालके ह्यांच्यासाठी फिनलंडमध्ये 'नेउव्होला' नावाची सल्लाकेंद्रे १९२० च्या दशकापासून उभी राहिली होती. १९४४ साली कायद्याने ती प्रत्येक नगरपालिकेची जबाबदारी झाली. वेळेवर तपासणीस येणाऱ्या मातेला सरकारकडून बाळाच्या कपड्यांची पेटी मिळे. मूल जन्मण्यापूर्वीच परिचारिका त्या घराला ओळखू लागे. लसीचा दिवस चुकला तर विचारपूस होई. चाळीस वर्षे ज्या परिचारिकेचा शब्द खरा ठरला, तिने नवी लस आणली तेव्हा लोकांनी ती शंका न घेता घेतली. कायद्याने जे काम दंडाच्या भयाने करावयाचे, ते तेथे ओळखीने झाले.

ज्या देशांना फिनलंडसारखी जुनी यंत्रणा नव्हती, त्यांनी काय करावे? लॅटिन अमेरिकेने त्याचे उत्तर दिले. क्यूबाने १९८० च्या दशकात आणि ब्राझीलने १९९२ साली चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना, त्यांना पूर्वी लस मिळाली आहे की नाही ह्याची चिकित्सा न करता, एकाच मोहिमेत लस टोचली. ब्राझीलचे वैद्य सिरो दे क्वाद्रोस ह्यांच्या नेतृत्वाखाली ही पद्धत साऱ्या खंडाने उचलली. आधी मागची थकबाकी एकदम फेडावयाची. मग दरवर्षी जन्मणाऱ्या मुलांचा हप्ता चुकवावयाचा नाही. आणि तरीही सुटलेल्यांसाठी दर चार वर्षांनी पुन्हा मोहीम काढावयाची. सावकाराच्या वहीसारखा हा चोख हिशेब होता.

ह्या मोहिमांपैकी एल साल्व्हादोरची हकिगत विसरता येण्याजोगी नाही. त्या लहानशा देशात १९८० पासून यादवी युद्ध पेटले होते. १९८५ साली बालकांच्या लसीकरणासाठी तीन दिवस लढाई थांबवावी, असा प्रस्ताव युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट ह्यांनी राष्ट्राध्यक्ष दुआर्ते ह्यांच्यापुढे ठेवला. बंडखोरांशी बोलणी करण्याचे काम कॅथॉलिक चर्चने पत्करले. सान साल्व्हादोरचे आर्चबिशप रिव्हेरा इ दामास ह्यांनी त्यात पुढाकार घेतला. ३ फेब्रुवारी, ३ मार्च आणि २१ एप्रिल ह्या तीन रविवारी दोन्ही बाजूंच्या बंदुका खाली झाल्या, आणि सुमारे अडीच लाख मुलांना गोवर, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात ह्यांविरुद्ध लस मिळाली. युद्ध चालूच होते. पण पुढील काही वर्षे हे लढाईविरहित दिवस पाळले गेले. नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट बायबलात आहे. गोवराच्या निर्मूलनाचे शास्त्र अखेर तेच सांगते: राहिलेल्या मुलाकडे आपण जावयाचे, ते आपल्याकडे येण्याची वाट पाहावयाची नाही. २०१६ साली दोन्ही अमेरिका खंड गोवरमुक्त जाहीर झाले.

ज्या देशांत लस होती, पैसा होता, दवाखाने होते, तेथे अडचण आली ती दुसऱ्याच बाजूने. १९९८ साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू वेकफील्ड ह्या डॉक्टराने अवघ्या बारा मुलांच्या तपासणीवरून एक निबंध प्रसिद्ध केला आणि तिहेरी लसीचा संबंध स्वमग्नता ह्या विकाराशी असल्याची शंका पेरली. वृत्तपत्रांनी ती घरोघर नेली. लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण काही वर्षांत शेकडा ८० च्या आसपास घसरले. ह्या शंकेचे निरसन करणाऱ्या अभ्यासांपैकी एक मोठा अभ्यास पानुमच्याच डेन्मार्कमधून आला. प्रत्येक नागरिकाची जन्मापासून नोंद ठेवण्याची त्या देशाची रीत. तिच्या आधारे ५ लाख ३७ हजार मुलांचा मागोवा घेऊन २००२ साली तेथील संशोधकांनी लस आणि तो विकार ह्यांचा संबंध नसल्याचे दाखवले. वेकफील्ड ह्यांचा निबंध नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्यांचा वैद्यकीचा परवानाही गेला. परंतु त्या दशकात लस चुकलेली मुले मोठी होतच होती. २०१२-१३ साली साउथ वेल्समध्ये हजाराहून अधिक लोकांना गोवर झाला, तेव्हा रुग्णांत दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा भरणा होता. एका खोट्या शंकेचे मोल पंधरा वर्षांनी वसूल झाले.

जपानमध्ये शंका खोटी नव्हती. १९८९ साली तेथे सुरू झालेल्या तिहेरी लसीतील गालगुंडाच्या भागामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला, आणि १९९३ साली ती लस बंद करावी लागली. पुढील वर्षी कायद्यातील सक्तीही गेली. गोवराची स्वतंत्र लस निर्दोष होती, तरी लोकांचे मन एकंदर लसीविषयीच साशंक झाले. २००७ साली साथ आली ती विद्यापीठांत. टोकियोतील नामांकित विद्यापीठांना वर्ग बंद ठेवावे लागले, आणि प्रवासी जपानी विद्यार्थ्यांबरोबर रोग उत्तर अमेरिकेतही पोचला. जपानने त्यावर सक्ती परत आणली नाही. दुसरी मात्रा नुकतीच सुरू झाली होती. २००८ पासून पाच वर्षे तेरा आणि अठरा वर्षे वयाच्या सर्व विद्यार्थ्यांना ती देऊन सुटलेली पिढी भरून काढण्यात आली. प्रत्येक रुग्णाची नोंद अनिवार्य झाली. २०१५ साली जपान गोवरमुक्त ठरला. युरोपात नेमका उलट प्रवाह दिसतो: इटलीने २०१७ साली आणि जर्मनीने २०२० साली कायद्याची सक्ती आणली. ज्या देशाचा जसा स्वभाव, तसा त्याचा उपाय.

विश्वास तुटला की किती झपाट्याने सर्वनाश होतो, हे सामोआने दाखवले. पॅसिफिकमधील ह्या दोन लाख वस्तीच्या देशात २०१८ च्या जुलैत लस टोचल्यावर दोन बालके काही मिनिटांतच दगावली. दोष लसीचा नव्हता; लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध चुकून मिसळले गेले होते. परंतु सरकारने कित्येक महिने लसीकरणच थांबवले, आणि अफवांना रान मोकळे मिळाले. लस मिळालेल्या बालकांचे प्रमाण शेकडा ३१ वर आले. २०१९ साली न्यूझीलंडमधून गोवर तेथे गेला, तेव्हा ५,७०० लोक आजारी पडले आणि ८३ जण मेले; त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. अखेर आणीबाणी पुकारून डिसेंबरच्या ५ आणि ६ तारखांना सारा देश बंद ठेवण्यात आला. ज्या घरात लस न घेतलेले माणूस असेल त्याने दारी लाल कापड लावावे, असा हुकूम निघाला, आणि लस टोचणारी पथके ते कापड पाहून घरोघर फिरली. जी यादी शांतपणे वर्षानुवर्षे वहीत ठेवावयाची, ती त्या दोन दिवसांत दारोदार टांगलेली दिसली. त्याच वर्षी गोवर शेजारच्या फिजीतही शिरला. १८७५ साली ४० हजार माणसे गमावणाऱ्या त्या बेटांवर २०१९ साली एकही मृत्यू झाला नाही. तेथील मुलांना लस मिळालेली होती.

भारताची वाट ह्या सर्वांचे मिश्रण आहे. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाबरोबर नवव्या महिन्याची गोवराची लस गावोगाव जाऊ लागली. दुसरी मात्रा यावयास २०१० साल उजाडले. मग २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर आणि रुबेला ह्यांच्या संयुक्त लसीची मोहीम सुरू झाली. तिचा प्रारंभ ज्या पाच प्रदेशांत झाला, त्यांत गोवा आणि कर्नाटक हे दोन होते. तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप हे उरलेले तीन. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या ४१ कोटी मुलांना लस देण्याचा हा संकल्प जगातील अशा मोहिमांत सर्वांत मोठा गणला गेला. शाळा हेच तिचे मुख्य केंद्र होते. काही ठिकाणी भ्रमणध्वनीवरून अफवा पसरल्या आणि पालकांनी मुलांना घरी ठेवले, तेव्हा त्यांची समजूत घालण्याचे काम शिक्षक व आरोग्यसेविका ह्यांच्यावर पडले. एडमन्स्टनच्या वाणापासून झाग्रेब येथे तयार झालेला उपवाण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने वापरला, आणि तेथून ही लस भारताप्रमाणेच अनेक गरीब देशांना गेली. बोस्टनच्या शाळेतून निघालेला धागा झाग्रेबमार्गे पुण्याला आणि पुण्याहून आफ्रिकेच्या खेड्यांत पोचला.

तरीही फटी राहिल्याच. २०२२ च्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यात लस टोचल्यानंतर तीन बालके दगावली. प्राथमिक चौकशीत ठपका पडला तो लस साठवण्यातील हलगर्जीपणावर. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागातील दाट वस्तीत गोवर भडकला आणि मुले मेली. कोविडच्या काळात त्यांच्या लसीच्या तारखा हुकल्या होत्या. लस बनवणारे पुणे तेथून दूर नव्हते. पण लस टोचणाऱ्या सेविकेला त्या गल्लीतील प्रत्येक दार माहीत असणे ही वेगळी गोष्ट आहे.

ह्या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आर्कान्साने कायदा वापरला, फिनलंडने ओळख, ब्राझीलने मोहीम, एल साल्व्हादोरने तह, जपानने मागची भरपाई. मार्ग निरनिराळे, पण जे यशस्वी झाले त्या सर्वांनी दोन गोष्टी सांभाळल्या: कोणते मूल राहिले ह्याची नोंद, आणि आईबापांचा भरवसा. नोंद तुटली तेथे गरिबांची मुले मेली. भरवसा तुटला तेथे सर्वांचीच धोक्यात आली. जिंकलेली भूमीही पुन्हा हातची जाते. गोवरमुक्त ठरलेल्या अमेरिका खंडांनी तो मान २०२५ च्या नोव्हेंबरात, कॅनडातील वर्षभर चाललेल्या साथीमुळे, गमावला. त्याच वर्षी संयुक्त संस्थानांत रुग्णसंख्या दोन हजारांवर गेली. जगात २०२३ साली सुमारे १ लाख ७ हजार माणसे गोवराने मेली. एके काळच्या २६ लाखांशी तुलना केली तर हा आकडा लहान आहे. पण ह्यातील प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता.

फारो बेटांवरील वृद्धांच्या शरीरांनी गोवराची आठवण पासष्ट वर्षे जपली होती. समाजाला निसर्गाने तशी सोय दिलेली नाही. ज्या पिढीने गोवर पाहिला नाही, ती त्याला भीत नाही. आणि लस यशस्वी झाली म्हणूनच तिने तो पाहिलेला नसतो. म्हणून समाजाने आपली आठवण अंगणवाडीच्या वहीत, दवाखान्याच्या पत्रकात आणि शाळेच्या दाखल्यात लिहून ठेवावयाची असते, आणि त्या वहीतील रिकामी जागा दिसली की उठून त्या घरी जावयाचे असते.